कायक कुठपर्यंत पोचतं?

क्लचचं पेडल पायाखाली एकदम रिकामं लागलं की चालकाच्या तोंडून आधी देवाचं नाव निघतं आणि मग मिस्त्रीचं. गाडी तुळजापूरच्या घाटात चढावर असते. मागे मालाने भरलेला ट्रक लागलेला असतो, आत ओटीच्या पिशव्या मांडीवर घेऊन कुटुंब बसलेलं असतं, आणि डाव्या पायाखालचं पेडल फळीला जाऊन टेकलेलं असतं. ते वर येत नाही, गिअर पडत नाही. अशा वेळी ‘आई, सांभाळ’ म्हणण्यात काहीच गैर नाही. अवघड प्रश्न त्याच्या पुढे सुरू होतो. देवीचा धावा आणि मिस्त्रीचा पाना यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का? की धावा हा धर्माचा भाग आणि पाना हा निव्वळ पोटापाण्याचा?

हा प्रश्न सोलापुरात विचारण्याला कारण आहे. हे देवांच्या वाटांवरचं शहर. इथून तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर, अक्कलकोट चाळीसेक, पंढरपूर सत्तरीच्या घरात, आणि सीमा ओलांडून पुढे गाणगापूर. रेल्वेने उतरलेला भाविक इथूनच एसटी, जीप किंवा टेम्पो ट्रॅव्हलर धरतो. नवरात्र, आषाढी, पौर्णिमा, गुरुवार असे दिवस आले की गाड्यांच्या खेपा वाढतात. यात्रेच्या गर्दीत गाडी चालत नाही, नुसती सरकते. दर दहा-वीस फुटांवर क्लच दाबायचा, सोडायचा, पुन्हा दाबायचा. उन्हाळ्यात वर चाळिशी ओलांडलेला पारा आणि खाली तापलेला सायलेन्सर. भाविकांच्या श्रद्धेचा सगळ्यात जास्त भार गाडीच्या ज्या अवयवांवर पडतो त्यांत क्लचची लाइन नक्की मोजावी लागेल.

ही लाइन करते तरी काय? जुन्या गाड्यांत पेडलपासून क्लचपर्यंत तारेची केबल असायची. आजच्या बऱ्याच गाड्यांत तिच्या जागी तेल काम करतं. पेडल दाबलं की वरचा सिलिंडर, म्हणजे गॅरेजच्या भाषेत ‘क्लच अप्पर’, नळीतलं तेल पुढे ढकलतो. ते तेल खाली गिअरबॉक्सजवळच्या ‘लोअर’मध्ये शिरतं. लोअरचा दांडा बाहेर येतो, काटा हलतो, रिलीज बेअरिंग पुढे सरकतं, प्रेशर प्लेटची पकड सुटते आणि इंजिन नि गिअरबॉक्स तेवढ्यापुरते एकमेकांपासून मोकळे होतात. अप्पर आणि लोअर यांच्यामध्ये पोलादी नळी असते आणि तिला जोडलेला रबरी होज. गाडीचा सांगाडा स्थिर, इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर सतत थरथरणारं. म्हणून मध्ये हा लवचीक तुकडा लागतो. चालकाला, प्रवाशाला, गाडी धुणाऱ्या पोराला, कुणालाच ही लाइन दिसत नाही. तिच्या एका टोकाला माणसाची इच्छा असते आणि दुसऱ्या टोकाला यंत्राची हालचाल.

तेलाने हे काम का करावं, याचं उत्तर ज्या माणसाने दिलं त्याचं नाव धर्मचिंतनाच्या इतिहासातही तितक्याच आदराने घेतलं जातं. ब्लेझ पास्कल, १६२३ ते १६६२, फ्रान्स. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा त्याचा नियम. दोन तोंडांचं, एक तोंड दुसऱ्याच्या शंभरपट मोठं असलेलं, पाण्याने भरलेलं भांडं घेतलं तर लहान तोंडावर दाब देणारा एक माणूस मोठ्या तोंडावरच्या शंभर माणसांना तोलून धरील, असं त्याने दाखवून दिलं. हे ज्यात मांडलं तो ग्रंथ छापून आला १६६३ साली, त्याच्या मृत्यूनंतर. पुढे कापसाच्या गाठी दाबणारे प्रेस, गाड्यांचे ब्रेक, क्लच, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरच्या लिफ्ट, हे सगळं त्याच पायावर उभं राहिलं. याच पास्कलला २३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री ईश्वराचा विलक्षण अनुभव आला. तो त्याने कागदावर उतरवला आणि अंगरख्याच्या अस्तरात शिवून टाकला. कुणाला दाखवला नाही, त्यावर प्रवचन केलं नाही. तो गेल्यावर नोकराच्या हाताला अस्तरातला जाडपणा लागला, तेव्हा तो कागद सापडला. त्याच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट आठ वर्षं कापडाच्या दोन थरांच्या मध्ये होती.

पास्कलचा नियम एका अटीवर चालतो: नळीत द्रवच हवा, हवा नको. द्रव दाबला जात नाही म्हणून पायाचा जोर पलीकडे पोचतो. हवेचा बुडबुडा शिरला की पायाचा सगळा जोर त्या बुडबुड्याला दाबण्यातच संपतो. पेडल मऊ लागतं आणि लोअरचा दांडा जागचा हलत नाही. नळीला भोक पडलं की आधी तेल जातं आणि मग त्याच वाटेने हवा येते.

भोक पडतं कशाने? नळी जागेवर धरून ठेवणारी क्लिप कधीतरी निघते आणि कुणी परत बसवत नाही. मग नळी सांगाड्याला घासत राहते. सायलेन्सरच्या धगीने होज कडक होतो आणि तडकतो. चिखल साचून पोलादी नळी गंजते. उंदीरही रबर कुरतडतात. सगळ्यांत फसवा बिघाड मात्र आतला असतो. होज बाहेरून धडधाकट दिसतो, आतलं अस्तर सुटून किंवा सुजून वाट अडवतं. पायाच्या जोराने तेल पुढे जातं, पण परत येत नाही. क्लच अर्धवट दाबलेलाच राहतो, प्लेट जळते आणि दोष प्लेटवर जातो.

‘वेळच वाईट होती’ हे वाक्य अशा वेळी हमखास ऐकू येतं. पण परंपरेने दैवाला इतकं स्वस्त केलेलं नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतंही कर्म घडण्याची पाच कारणं मोजली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, निरनिराळ्या क्रिया आणि शेवटी दैव. दैव पाचवं आहे. त्याच्याकडे बोट दाखवायच्या आधी साधनाची विचारपूस झाली पाहिजे, ज्याने ते वापरलं त्याची झाली पाहिजे, काय केलं आणि काय करायचं राहिलं याचीही. घाटात फुटलेल्या लाइनचं खापर थेट पाचव्या कारणावर फोडणारा माणूस श्रद्धाळू वाटतो खरा, पण त्याने गीता चार पायऱ्या सोडून वाचलेली असते.

सोलापूरचं ग्रामदैवत, सिद्धेश्वर म्हणजेच सिद्धराम, या प्रश्नाच्या अगदी मध्यावर उभं आहे. बाराव्या शतकात या गावाचं नाव सोन्नलिगे होतं. तिथे मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांच्या पोटी सिद्धराम जन्मला. पोर गुरं राखायचं. शेतात जंगमाच्या रूपात आलेल्या मल्लय्याने, म्हणजे शिवाने, त्याच्याकडे दहीभात मागितला. तो आणायला हा घरी धावला, परत येतो तर मल्लय्या नाही. त्याला शोधत तो पार श्रीशैलापर्यंत गेला, अशी कथा आहे. देव भेटल्यावर मुलाने काय करावं? सिद्धराम गावी परतला आणि त्याने खणायला सुरुवात केली. तळं खणलं, देवळं उभारली, लोकांना कामाला लावलं. सिद्धेश्वराचं देऊळ आज ज्या तळ्यात उभं आहे ते तळं त्याच्याच खटपटीतून झालं असं परंपरा सांगते. तेराव्या शतकात राघवांक या कन्नड कवीने त्याचं चरित्र काव्यात लिहिलं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते, नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तेलाचा अभिषेक होतो. मराठी, कन्नड, तेलुगू बोलणारं सगळं गाव त्या दिवसांत एका रस्त्यावर येतं. ज्याच्यासाठी हा सोहळा होतो तो मूळचा पाण्याची सोय करणारा माणूस होता, हे गड्ड्याच्या गर्दीतही विसरू नये.

सिद्धराम ज्यांच्यात मोजला जातो त्या शरणांच्या, म्हणजे बाराव्या शतकातल्या शिवभक्तांच्या, चळवळीने अशा कामाला नाव दिलं: कायक. पोटासाठी काहीतरी करणं एवढाच त्याचा अर्थ नाही. शरीर झिजवून, प्रामाणिकपणे, समाजाच्या उपयोगी पडणारं काम करायचं, त्यातून मिळेल ते दासोहात, म्हणजे सर्वांच्या पंगतीत आणायचं, आणि हेच शिवाकडे जाणं मानायचं. या चळवळीचे अग्रणी बसवण्णा यांची सुरुवातीची नोकरी कलचुरींच्या मंगळवेढ्यात, आजच्या सोलापूर जिल्ह्यात झाली. पुढे कर्नाटकातल्या कल्याणच्या अनुभवमंटपात, शरणांच्या सभेत, दोर वळणारा, कपडे धुणारा, कातडं कमावणारा, नावाडी, सगळे एका ओळीत बसले. त्यांतला दोर वळणारा नुलिय चंदय्या इथे फार महत्त्वाचा. कथा अशी, की दोरासाठी तळ्याकाठचं गवत कापताना त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग पाण्यात पडलं. लिंगायताला प्राणाहून प्रिय ती वस्तू. चंदय्याने ते उचललं नाही. गवताचा भारा घेऊन तो दोर वळायला निघाला. मग लिंगच त्याच्या मागे विनवणी करत आलं. मडिवाळ माचय्या या दुसऱ्या शरणाला मध्यस्थी करावी लागली, तेव्हा कुठे त्याने ते पुन्हा धारण केलं. पूजेची वस्तू काम करणाऱ्याच्या मागे धावते, अशी कथा रचणाऱ्या लोकांच्या धैर्याची आज कल्पना करणंही कठीण आहे.

आता ही कथा जॅकवर उचललेल्या गाडीखाली नेऊन पाहायची.

फुटलेली लाइन दुरुस्त करण्याच्या दोन वाटा असतात. पहिली डागडुजीची: तडकलेला भाग कापून मध्ये साधा रबरी पाइप घालायचा आणि दोन्हीकडून क्लिपा आवळायच्या. किंवा भोकावर सील करणारा मसाला थापायचा. अर्ध्या तासात पेडल कडक होतं, गिऱ्हाईक खूश. पण हा जोड लाइनमधल्या दाबासाठी बनलेलाच नसतो. तो आज ना उद्या सुटणार, आणि बहुधा तेव्हाच सुटणार जेव्हा क्लच पुन्हापुन्हा दाबला जात असेल, म्हणजे घाटात किंवा गर्दीत. दुसरी वाट पूर्ण लाइन बदलण्याची. तिला वेळ लागतो, पार्ट मागवावा लागतो, आणि झालेलं काम गिऱ्हाइकाला दिसत नाही. पहिल्या वाटेने गेलेली गाडी आणि दुसऱ्या वाटेने गेलेली गाडी गॅरेजच्या दारातून बाहेर पडताना हुबेहूब सारख्या दिसतात.

काम चांगलं दिसलं की त्याची वाहवा होते, पैसे मिळतात. तिथे प्रामाणिकपणाला बाजाराचाच टेकू असतो. जिथे चांगलं आणि वाईट सारखंच दिसतं तिथे बाजार हतबल होतो. अशा जागी माणूस नीट काम का करतो? भीतीने म्हणावं तर तीन महिन्यांनी घाटात लाइन सुटली तर ती कुणी बसवली होती हे कोण शोधायला जातं? लोभाने म्हणावं तर लोभ पहिल्या वाटेकडे ओढतो. तरीही गाडीखाली आडवा झालेला एखादा मिस्त्री नवी लाइन सायलेन्सरपासून दूर वळवतो, मूळच्या क्लिपा शोधून जागेवर बसवतो, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे-उजवीकडे फिरवायला सांगून कुठे घासत नाही ना हे हाताने चाचपतो. त्याला तोंडी देव मानायला सांगितलं तर कदाचित तो खांदे उडवील. पण कायक या कल्पनेचा काही अर्थ असेल तर तो इथेच आहे.

याला दुसरी बाजूही आहे. लाइन फुटलेली असताना अप्पर, लोअर, क्लच प्लेट, प्रेशर प्लेट असं सगळं बदलून मोठं बिल करणंही गिऱ्हाइकाला कळत नाही. शरणांच्या कथांमध्ये याचीही दखल आहे. आयदक्की मारय्या सांडलेले तांदूळ वेचायचा. ते त्याचं कायक. बसवण्णांनी परीक्षा पाहण्यासाठी एकदा जास्त तांदूळ सांडून ठेवले. मारय्या नेहमीपेक्षा भरलेली झोळी घेऊन घरी आला. बायको लक्कम्माने ती पाहिली आणि सांगितलं, आपल्याला लागतात तेवढेच ठेवायचे, बाकीचे होते तिथे टाकून या. त्याने चोरी केली नव्हती, कुणाचं हिसकावलंही नव्हतं. गरजेपेक्षा जास्त घेतलं, एवढंच. लक्कम्माला तेवढंही चाललं नाही. अप्परच्या किटची खरोखर गरज आहे की नाही हे रबराची कड पाहून, सिलिंडरच्या रबरी बुटाखाली ओल आहे का ते पाहून ठरवता येतं. गरज असेल तर बदलावंच. जुन्या झिजलेल्या सिलिंडरला नवी लाइन जोडून पाठवणं हाही कंजूष खोटेपणाच. पण ‘आता उघडलंच आहे तर’ या एका वाक्याच्या आधारे किती अनावश्यक पार्ट विकले जातात, हे गॅरेजात उभ्या राहिलेल्या कुणालाही माहीत आहे.

इथवर सगळं सरळ वाटतं. पण शून्यसंपादने या पंधराव्या शतकातल्या कन्नड ग्रंथात हा सरळपणा मोडणारा एक प्रसंग येतो. शरणांतले ज्ञानी अल्लमप्रभू फिरत फिरत सोन्नलिगेला येतात. तळ्याचं काम जोरात चालू असतं. अल्लम कामकऱ्यांना तुमचा तो माती खणणाऱ्यांचा म्होरक्या कुठे आहे, असं तुच्छतेने विचारतात. आपल्या गुरूचा अपमान ऐकून लोक दगड भिरकावतात; एकही त्यांना लागत नाही. मग खुद्द सिद्धराम रागाने लाल होऊन धावून येतो. आणि तिथेच तो हरतो. जन्मभर लोकांसाठी खणणाऱ्या योग्याला एका शब्दाने इतका राग यावा? म्हणजे मातीबरोबर आत काहीतरी साठत गेलं होतं. तळं खणणारा ‘मी’ तळ्यापेक्षा मोठा झाला होता.

‘काम हीच पूजा’ असं भिंतीवर रंगवून मोकळं होणाऱ्यांना अल्लमांचा हा प्रश्न टाळता येत नाही. कामातही अहंकार दडतो, आणि प्रामाणिक, कुशल कामात तो जास्तच सुरक्षित राहतो. वीस वर्षांचा अनुभव असलेला हात नव्या गाडीचं माहितीपत्रक पाहायला तयार नसतो. काही गाड्यांत लोअर बाहेर नसतोच. तो गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती बसवलेला असतो, त्याची हवा काढायची रीत वेगळी असते. डॉट ३ किंवा डॉट ४ प्रकारचं तेल सांगितलेलं असताना हाताला लागेल ते खनिज तेल ओतलं तर आतली रबरं फुगून सगळी रचना निकामी होते. ‘मला शिकवू नका’ असं म्हणणारा मिस्त्री हातचलाखीत कितीही वस्ताद असला, तरी त्या क्षणी तो सिद्धरामाच्या त्या रागाच्या जागी उभा असतो.

कथेत पुढे काय होतं ते मात्र नीट पाहायला हवं. सिद्धराम अल्लमांबरोबर कल्याणला जातो, चन्नबसवण्णांकडून दीक्षा घेतो आणि अखेर सोन्नलिगेलाच परततो. त्याची समाधी इथल्याच देवळात आहे. अल्लमांनी तळं बुजवायला सांगितलं नाही. त्यांचा आक्षेप खणण्यावर नव्हता, खणणाऱ्याच्या मनात साचलेल्या गाळावर होता. काहींनी या प्रसंगाचा अर्थ ज्ञान मोठं आणि काम लहान असा लावला आहे. तो पटत नाही. काम लहानच असतं तर अल्लम खणणाऱ्याच्या शोधात चालत आले नसते.

मन कुठे असावं हा प्रश्न वारकऱ्यांनीही आपल्या पद्धतीने विचारला आहे. माढा तालुक्यातल्या अरणचे सावता माळी मळ्यातच राहिले. भाजीपाल्यात त्यांना विठ्ठल दिसायचा, पंढरीची वाट धरायची त्यांना गरज वाटली नाही. १२९५ साली ते समाधिस्थ झाले, आणि आजही पांडुरंगाची पालखी त्यांच्या भेटीला अरणला येते. आणि तेरचे गोरोबा काका? चिखल तुडवताना नामात इतके रंगले, की रांगत आलेलं स्वतःचं मूल पायाखाली आलं तरी कळलं नाही. कथेत विठ्ठल ते मूल परत देतो, म्हणून ती गोड करून सांगितली जाते. पण तिचा मधला भाग भयंकर आहे आणि परंपरेने तो लपवला नाही. भक्ती पायांना विसरली तर पायाखाली काय येईल याचा भरवसा नाही. सावतोबांच्या हाताखाली रोप वाचतं, कारण त्यांचा देव रोपाच्या पलीकडे कुठे नसतो. गाडीखाली झोपून काम करणाऱ्याला यांपैकी कोण जवळचा वाटावा, हे सांगायला नको.

लाइन बदलण्याचं काम लक्ष मागतं ते असं. आधी जोडांभोवतीची माती ब्रशने काढायची, नाहीतर ती आत जाते. रंगावर फडकं टाकायचं, कारण ब्रेक ऑइल म्हणून ओळखलं जाणारं हे तेल रंग खातं. जोड सोडताना एका पान्याने होजचं डोकं धरायचं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. एकाच पान्याने ओढलं तर नळीच पिळली जाते. सुटलेली तोंडं लगेच बंद करायची. नवी लाइन जुनीच्या शेजारी ठेवून लांबी, वळणं, आटे जुळवून पाहायचे. नट आधी बोटांनीच लावायचा. बोटांनी चार आटे गेला नाही तर तो तिरका बसतोय, आणि पाना लावला की आटे कायमचे जाणार. बँजो बोल्ट असेल तर तांब्याचे वायसर नवेच हवेत. दहा-वीस रुपयांची वस्तू म्हणून जुनीच वापरायचा मोह होतो, आणि आठवड्याने तिथूनच ओल दिसू लागते.

मग हवा काढणं. साध्या रीतीने करायचं तर हे एकट्याचं काम नव्हे. एक जण वर सीटवर, एक जण खाली निपलपाशी. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. खालून आवाज येतो, ‘दाब’. वरचा सावकाश पेडल दाबतो. ‘धर’. खालचा निपल अर्धा फेरा सोडतो, पारदर्शक नळीतून तेल आणि बुडबुडे बाटलीत येतात, तो निपल आवळतो आणि मगच म्हणतो, ‘सोड’. वरच्याने एक क्षण आधी पाय उचलला तर बाहेरची हवा परत आत ओढली जाते आणि सगळं पहिल्यापासून. मध्ये मध्ये वरच्या डबीत तेल घालत राहायचं; ती कोरडी पडली तरीही पहिल्यापासून. बुडबुडे थांबेपर्यंत दाब, धर, सोड. वर बहुधा हेल्पर असतो, नुकता कामाला लागलेला पोरगा. पेडलवर नुसता पाय ठेवून बसायचं हे त्याला कंटाळवाणं वाटतं. उस्तादाच्या हातचं सगळं काम त्या वेळी त्याच्या तळपायाच्या संयमावर उभं आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं असतं का?

न दिसता राबणाऱ्या या पोराची गोष्ट निघाली की मंगळवेढ्याचे संत चोखोबा आठवल्याशिवाय राहत नाहीत. १३३८ साली मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम चालू होतं. तिथे राबायला लावलेल्यांत चोखामेळा होते. कूस कोसळलं आणि ते खाली गाडले गेले. नामदेव हाडं शोधायला आले, आणि ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची म्हणून त्यांनी ओळखली. पंढरपुरात महाद्वारासमोर त्यांची समाधी आहे. ज्या देवळात त्यांना जिवंतपणी पाऊल टाकू दिलं नाही त्याच्या बाहेर. ज्या गावाने त्यांना वेशीबाहेर ठेवलं त्याच गावाची भिंत दुरुस्त करताना ते मेले.

त्यामुळे ‘काम हीच पूजा’ हे कोण कुणाला सांगतंय, हे आधी पाहावं लागतं. मालकाने ते हेल्परला सांगून पगार कमी द्यावा, जॅकच्या जोडीला स्टँड न लावता त्याला गाडीखाली सरकवावं, हा कायकाचा अपमान आहे. शरणांनी कायक आणि दासोह एकत्र सांगितले ते याचसाठी. काम पवित्र आहे असं म्हणणाऱ्याने काम करणाऱ्याचं अंग पवित्र मानलं पाहिजे. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली माणूस घालायचा नाही, ही कायकाची पहिली अट म्हणून गॅरेजच्या भिंतीवर लिहावी. ती तिथल्या देवाच्या फोटोइतकीच योग्य ठरेल.

गिऱ्हाइकाकडेही या कायकाचा काही वाटा येतो. त्याने जुनी लाइन मागून घ्यावी. चांगले मिस्त्री ती स्वतःहूनच हातात देतात. कुठे घासली, कुठे तडकली ते बोटाने दाखवतात. ती पाहिल्यावर ‘एवढ्याशा नळीला एवढे पैसे?’ हा प्रश्न विचारायचा की नाही हे त्याने ठरवावं. न दिसणाऱ्या कामाचा मोबदला देताना घासाघीस करणारा माणूस मिस्त्रीला पहिल्या वाटेकडे, त्या कापलेल्या पाइपाकडे ढकलत असतो. स्वस्तात नीट काम मागणाऱ्याला गॅरेजच्या बेइमानीवर व्याख्यान द्यायचा अधिकार उरत नाही.

आणि खंडेनवमी-दसऱ्याला सोलापुरात गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून, हळदकुंकू लावून उभ्या राहतात तेव्हा आणखी दोन गोष्टी करता येतील. बॉनेट उघडून क्लचच्या तेलाची डबी पाहायची. काही गाड्यांत ते ब्रेकच्याच डबीत असतं. हे तेल हवेतली ओल शोषतं. डॉट ४ तेल कोरडं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही; सुमारे पावणेचार टक्के पाणी शोषल्यावर तीच हमी १५५ वर येते. शिवाय त्या पाण्याने आतून गंज धरतो. म्हणून अनेक उत्पादक ते दोन वर्षांनी बदलायला सांगतात. ते काळपट झालं असेल तर बदलायची वेळ झालीच आहे. पातळी खाली गेली असेल तर नुसतं भरून टोपण लावायचं नाही; तेल कुठून जातंय ते शोधायचं. पेडलच्या वरच्या बाजूला, गिअरबॉक्सच्या कडेला, होजच्या दोन्ही टोकांना बोट फिरवायचं. बोट ओलं झालं, तर तुळजापूरची खेप दुसऱ्या गाडीने करायची आणि ही गाडी नाक्यावरच्या मिस्त्रीकडे लावायची.